नामदेवभाऊंच्या घरचा पसारा

नामदेवभाऊंच्या घरात पाय टाकायचा तर आधी खाली बघावं लागे. उंबऱ्याच्या आत काय पसरलेलं असेल याचा नेम नसे. कधी कालवलेला चिखल, कधी पळसाच्या फुलांचं भिजवलेलं पाणी, कधी परातभर राख आणि तिच्यात बोटांनी काढलेले रस्ते. आपण पायरीवर चप्पल काढतोय तोच आतून आवाज यायचा, "कारखाना चालू हाय मॅडम, बाजूनं या!" आवाज असा, की गल्लीच्या टोकाला पानठेल्यावर उभे असलेले लोकही बाजूला सरकावेत. पोरवयापासून जिनिंगमध्ये काम केल्यामुळे त्यांचे कान निम्मे गेले होते. ज्याला स्वतःला कमी ऐकू येतं तो साऱ्या जगाशी ओरडून बोलतो, तसं त्यांचं झालं होतं.

यवतमाळ जिल्ह्यातल्या दिग्रसला मी शिक्षिका म्हणून रुजू झाले तेव्हा नुकतं लग्न झालेलं. नवरा पुसदला नोकरीला, शनिवारी संध्याकाळच्या एसटीने यायचा आणि सोमवारी पहाटेच्या गाडीने जायचा. एका लांबट घराच्या दोन खोल्या मी भाड्याने घेतल्या. उरलेल्या दोन खोल्यांत नामदेवभाऊ, त्यांची बायको मंदाताई आणि दोन लेकरं राहायची. मोठी करुणा पहिलीत, धाकटा राहुल अजून अंगणवाडीच्याही कामाचा नव्हता. आमच्यात एक भिंत आणि पुढे एक अंगण, एवढंच सामाईक. मंदाताई सरकारी दवाखान्यात नर्स. तिची ड्युटी कधी दिवसाची, कधी रात्रीची, आणि तेही कंत्राटावर. नामदेवभाऊ जिनिंगमध्ये फिटर. कापसातून सरकी वेगळी काढणारी जी यंत्रं असतात, त्यांना आमच्याकडे रेचे म्हणतात. त्या रेच्यांचं दुखणंखुपणं ते बघायचे.

पण ती वर्षं कापसाची नव्हती. त्या काळातलं यवतमाळ म्हटलं की बाहेरच्या माणसाला एकच बातमी आठवते, शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची. अजूनही कुठे लग्नाकार्यात कुणी विचारतं, "तुम्ही त्याच वर्षांत तिकडे होतात ना?" आणि विचारताना चेहरा असा करतात, जणू मी स्मशानातच बदली मागून घेतली होती. मला राग येतो. माणसं तेव्हाही हसत होती, भांडत होती, लेकरांची नाकं पुसत होती. आणि मला त्या वर्षांतलं सगळ्यात आधी काय आठवत असेल, तर कोपरापर्यंत चिखलाने भरलेला एक माणूस आणि त्याच्या खांद्यावर चढलेलं एक नागडं पोरगं.

एक खरं, की आधी दसऱ्यापासून जिनिंगबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागायची, ती आता दिवाळी उलटली तरी लागत नव्हती. जिनिंग उशिरा उघडायची आणि लवकर बंद व्हायची. म्हणजे वर्षातले बरेच महिने नामदेवभाऊ घरी. मंदाताई कामावर. घरात दोन लेकरं आणि हा एक बाप. आमच्या गल्लीला असं दृश्य पाहायची सवय नव्हती. पानठेल्यावरचे टोमणे मीही ऐकलेत. "बायको पगार आनते अन् हा चिखल तुडवते." त्यावर नामदेवभाऊ थांबून, अगदी समजुतीने उत्तर द्यायचे, "हाव न. चिखल तुडवाले बी अक्कल लागते. तुले येत अशीन तं ये, कामाले ठेवतो." आणि शीळ घालत पुढे.

मी जात्याच टापटिपीची. माझ्या माहेरी पाण्याच्या पेल्याचीही जागा ठरलेली. त्यामुळे पहिल्या महिन्यात शेजारचा तो गोंधळ बघून माझं डोकंच उठलं. एकदा संध्याकाळी मी आत डोकावले. राहुल कोळशाने भिंतीवर काहीतरी काढत होता. चार वेडेवाकडे पाय, एक लोंबतं टोक. मी आपली मास्तरणीच्या सवयीने विचारलं, "काय काढलंस रे? हत्ती का?" पोरगं एकदम थांबलं. कोळसा खाली ठेवून बापाच्या मागे जाऊन लपलं.

नामदेवभाऊ म्हणाले, "मॅडम, असं नोका इचारू. ज्यानं काढलं त्याले बी अजून ठाव नसते थे काय हाय म्हनून."

"मग काय विचारायचं?"

"याच्या घरी कोन कोन हाय, असं इचारा."

मी तसं विचारलं. राहुल बापाच्या पाठीमागून अर्धा बाहेर आला. "याची माय दवाखान्यात ड्युटीवर हाय," तो म्हणाला. "अन् याचा बाप घरी हाय. अन् याले भूक लागली." मग तो पुढे येऊन त्या चार पायांच्या प्राण्याला जेवायला ताटही काढून देऊ लागला. पुढे शाळेतही मी हा प्रश्न वापरला. पहिलीच्या पोरांनी मला इतकं सांगितलं, की एकदा मधल्या सुट्टीची घंटाही कुणाला ऐकू आली नाही.

नामदेवभाऊंचा एक सिद्धान्त होता. तो ते कुणालाही, अगदी दूधवाल्यालाही ऐकवायचे. "जिनात कापूस उडून नाई राह्यला म्हन्जे समजा रेचे बंद हायेत. अन् घरात पसारा नाई म्हन्जे समजा लेकरं बिमार हायेत." मात्र पसाऱ्याला त्यांच्याकडे कायदे नव्हते असं नाही. चुलीजवळ काही नेलेलं त्यांना खपायचं नाही. दुसऱ्याचं मोडायचं नाही. आणि आईच्या ड्युटीच्या पांढऱ्या साडीला हात लावायचा नाही.

हा शेवटचा कायदा एकदा मोडला. होळीच्या आधी पळसाची फुलं उकळून केलेला केशरी रंग अंगणात पातेल्यात निवत होता, आणि वर दोरीवर साडी वाळत होती. राहुलने दोन्ही हात रंगात बुडवले आणि साडीच्या काठावर नीट, घाई न करता, दोन पंजे उठवले. मंदाताईने ते पाहिलं आणि जी काही ओरडली, बिचारीने वर्षभराचं ओरडून घेतलं. "तुमीच शिकवलं! घर तं घर, आता माह्या नोकरीवर बी काढा चित्रं!" दुसरी साडी भिजत घातलेली. जायची वेळ झालेली. नामदेवभाऊ पाठमोरे उभे राहून भांडी घासत होते, कारण समोर उभं राहिलं असतं तर हसू दिसलं असतं. शेवटी ती तीच साडी नेसून गेली, पंजे निऱ्यांत दडवून.

संध्याकाळी परत आली तेव्हा आम्ही सगळे जरा जपूनच होतो. तिने पर्स ठेवली, पाणी प्याली आणि म्हणाली, "वार्डातली एक बाई म्हने, सिस्टर, तुमच्या घरी लहान लेकरू हाय वाट्टे." मग साडीचा काठ हातात धरून, "तिचं लेकरू काचंच्या पेटीत हाय. माह्या काठाले हात लावून पाह्यलं तिनं." त्या साडीचे पंजे नंतर धुऊन फिके झाले, पण मंदाताईने ते घासून काढल्याचं मला आठवत नाही.

तान्ह्या पोळ्याची गोष्ट मात्र सगळ्या गल्लीला पाठ होती. बाहेरच्यांसाठी सांगते, आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लेकरांचा पोळा असतो. लाकडाचे नाहीतर मातीचे बैल सजवून पोरं चौकात आणतात, आणि मग घरोघर फिरवून खाऊ घेतात. नामदेवभाऊंचं घर बौद्ध. त्यांच्या भावकीतल्या एकाने टोकलं, की आपल्यात हे कशाला. ते म्हणाले, "बैलाची पूजा आमी नाई करत भाऊ. पन लेकरायच्या बैलाले कोन्ता धर्म लावता? थो तं मातीचा हाय." आणि पोळ्याच्या आधी चांगले आठवडाभर त्यांच्याकडे बैलांचा कारखाना सुरू झाला. आमच्या गल्लीतली झाडून सारी पोरं तिथे. मराठ्यांची, कुणब्यांची, बंजाऱ्यांची, कोपऱ्यावरच्या अत्तारवाल्याचा सलीमही.

आमची माती काळी. ओली असताना लोण्यासारखी, आणि वाळली की तडकते. आदल्या वर्षीचे सगळे बैल तडे जाऊन मोडले होते, म्हणून यंदा नामदेवभाऊंनी जिनिंगमधला झाडलेला कचरा पोतंभरून आणला. तंतू मातीत कालवले की माती धरून राहील, असा त्यांचा हिशेब. बैल झाले, आणि उन्हाने भसकन वाळू नयेत म्हणून ओल्या पोत्याखाली झाकून ठेवले. रोज सकाळी पोरं पोत्यावर पुन्हा पाणी शिंपडायची, पण पोळ्यापर्यंत ते उचलायचं नाही असं ठरलं होतं.

पोळ्याच्या सकाळी पोतं उचललं आणि एकच ओरडा झाला. मी धावत बाहेर आले. बैलांच्या पाठीतून, पोटातून, एकाच्या तर कानातून हिरवे कोंब बाहेर आले होते. दोन दोन गोल पानं, वर सरकीचं टरफल टोपीसारखं. जिनिंगच्या कचऱ्यात सरकी असणारच, हे सारा जन्म जिनिंगमध्ये काढलेल्या माणसाच्या ध्यानातच आलं नव्हतं! नामदेवभाऊ कपाळावर हात मारून मटकन बसले. "अरे बापा, मी फिटर हाय का कोन हाय!" करुणा रडण्याच्या बेतात होती. तेवढ्यात राहुल ओरडला, "बाबा, माह्या बैलाले पऱ्हाटी लागली!" झालं. मग पऱ्हाटीचे, म्हणजे कपाशीचे, ते कोंब कुणीच उपटू देईना. ज्याच्या बैलाला कमी उगवलं होतं तो रुसून बसला.

दुसऱ्या दिवशी तसेच हिरवे बैल चौकात गेले. त्या साली पावसाने दगा दिला होता, पेरलेलं उगवलं नव्हतं, लोकांनी पुन्हा बी टाकलं होतं. चौकात एक म्हातारे शेतकरी बसले होते. त्यांनी राहुलचा बैल हातात घेतला, उलटसुलट केला आणि शेजारच्याला म्हणाले, "पाह्य बे. आपल्या वावरात नाई उगोली, अन् याच्या बैलाच्या पाठीवर उगोली." सगळे हसले, तेही हसले. हसता हसता त्यांनी डोळे पुसले, ते हसण्याने की कशाने, मला ठाऊक नाही. मग त्यांनी खिशातून गोळ्या काढून राहुलला दिल्या. बक्षीस अर्थात कुणाच्या तरी घुंगरं लावलेल्या लाकडी बैलाला मिळालं. पण गर्दी आमच्याकडे होती, हे मी छातीठोकपणे सांगते.

आणखी एक रीत त्यांच्या घरची. वर्षभर लेकरं भिंत भरवायची. कोळसा, गेरू, हळद, नीळ, काय सापडेल ते. आणि एप्रिलमध्ये जयंतीच्या आधी नामदेवभाऊ सगळ्या घराला चुना मारायचे. मला वाटायचं, पोरं रडतील. पण त्यांनी त्याचाही एक खेळ करून ठेवला होता. हातात कुंचा घेऊन ते एकेका चित्रापुढे थांबायचे आणि विचारायचे, "हा कुठी चालला?" ज्याने काढलं त्याने सांगायचं. "हा यवतमाळले चालला, सिनेमा पाहाले." मग चुन्याचा हात. "अन् हे बाई?" "थे फुलसावंगीले, आजीकडे." पुन्हा एक हात. अशी सगळी भिंत आपापल्या गावच्या वाटेला लागायची, आणि संध्याकाळी पांढरीशुभ्र भिंत बघून लेकरांच्या हातांना खाज सुटायची. सबंध जिल्हा उदास होता असं म्हणणाऱ्यांना मी त्या दिवशी तिथे आणून बसवायला हवं होतं.

पुढच्या दिवाळीला जिनिंग उघडलीच नाही. आधी नुसती कुजबुज होती. मग कळलं, की मालक रेचेच विकतोय, गुजरातला. कापूस तिकडे, म्हणून यंत्रंही तिकडे. आणि तिकडच्या मालकाला यंत्रांबरोबर ती ओळखणारा माणूसही हवा होता. नामदेवभाऊंना निरोप आला. तिथे काम बारमाही नाही, पण हंगाम लांब. मंदाताईचा पगार कधी महिन्याने, कधी तीन महिन्यांनी यायचा, आणि पुढच्या वर्षी कंत्राट राहील का याचा भरवसा नव्हता. जायचं की राहायचं, एवढाच प्रश्न होता, आणि तो त्या घरात जेवणाच्या ताटापाशी रोज बसलेला असायचा. नामदेवभाऊ आपल्या मते हळू बोलायचे, पण त्यांचं हळू बोलणं मला भिंतीपलीकडे स्वच्छ ऐकू यायचं. "लेकरायचं काय, मंदा? पैसा मांगून येते. हे वय नाई येत मांगून." शेवटी ते एकटेच जातील, असं ठरलं.

लेकरांसाठी फुलसावंगीहून मंदाताईची आई आली. तिला सगळे आजीच म्हणायचे. सडपातळ, ताठ, केस घट्ट बांधलेले. आल्या दिवशी तिने घर बघितलं, लेकरं बघितली, आणि पदर खोचून आधी दोघांना नळावर नेऊन घासून काढलं. वाईट बाई नव्हती, हे आधीच सांगते. मला तर ती आवडायची. पण जावयाचं आणि तिचं एकदा अंगणात वाजलं, ते मी माझ्या दारात तांदूळ निवडत ऐकलं. लेकरं चिखलात होती आणि ती त्यांना ओढून बाहेर काढत होती.

"खेळू द्या न आई," नामदेवभाऊ म्हणाले. "माती तं हाय."

आजी वळली. "माती तं हाय? जवाई, मी दुसऱ्याच्या वावरात जलम काढला. लोकं आमाले घानेरडे म्हनत. दुरून पानी वाढत. माह्या मायनं मले काय सांगतलं, का आंग धुऊन, धुतलेलं नेसून, मान वर करून चालजो. मी मंदीले शिकवलं, नर्स केलं, पांढऱ्या साडीत उभी केली. अन् आता माह्या नातवायच्या आंगावर लोकायनं माती पाहावं?"

राहुलचा हात आजीच्या हातात तसाच. नामदेवभाऊंनी, त्यांना न शोभणाऱ्या हळू आवाजात म्हटलं, "तुमचं खरं हाय आई. मले बी लोकायनं तेच म्हटलं. म्हनूनच मले वाट्टे, माह्या लेकरायनं माती लावावं तं आपल्या मजेनं लावावं. लोकायनं लावलेली नाई." आजी लेकरांना घेऊन नळावर गेली. त्या भांडणात कोण बरोबर, हे मी आजही सांगू शकणार नाही, आणि सांगायची गरजही वाटत नाही.

ते गेले ते रेच्यांच्याच ट्रकवर. हिवाळ्यातली सकाळ होती. ट्रक गल्लीत मावत नव्हता म्हणून कोपऱ्यावर उभा. करुणाने नि राहुलने आदल्या दिवशी भिंतीवर ट्रक काढला होता, गेरूने, भला मोठा, आणि त्याच्या टपावर हात वर केलेला एक माणूस. नामदेवभाऊ त्या चित्रापुढे उकिडवे बसले. "याच्या घरी कोन कोन हाय?" त्यांनी विचारलं. करुणाने सांगितलं, "एक बायको, एक पोरगी, एक पोरगं, एक आजी अन् मॅडम." माझंही नाव त्या घरात आलं तेव्हा मला भरून आलं. मी पदराने डोळे पुसले आणि चहा टाकते म्हणून आत गेले. चहा झाला तोवर ट्रक गेला होता.

फोन माझ्याकडे होता. दर रविवारी सकाळी गुजरातहून कॉल यायचा. मी रिसीव्हर लेकरांच्या हाती देऊन खिडकीपाशी उभी राहायची. तरी तिकडचा आवाज खोलीभर यायचा. आधी आधी राहुल खूप बोलायचा. काय बनवलं, काय फोडलं. हळूहळू सांगण्यासारखं कमी होत गेलं. आजीने घर लख्ख केलं होतं. करुणा वहीत रेघा मारून त्यांच्या आत लिहायची. राहुल चपला ओळीने लावायचा. शेजारून आवाज येत नव्हता, आणि मी टापटिपीची बाई, मला त्या शांततेत झोप लागेना.

एप्रिलमध्ये जयंतीच्या आधी आजीने घराला चुना मारला. नामदेवभाऊंचा हंगाम संपला नव्हता. त्या रविवारी राहुलने फोन घेतला आणि एवढंच म्हणाला, "बाबा, आजीनं ट्रकवर चुना मारला. मी आंधी सांगतलं, का हा मानूस घरी चालला म्हनून."

तिकडून एकदम, खोली दणाणेल असा आवाज आला, "येतो! सांगजो आजीले, येतो!"

बुद्धपौर्णिमेच्या आदल्या दिवशी ते आले. आणि त्याच आठवड्यात माझी बदली पुसदला झाली होती. नवराबायको एका गावी, म्हणून घरचे खूश, मीही खूश. पण सामान बांधताना मी दर थोड्या वेळाने शेजारी कान लावत होते. शेजारी सामसूम. बापलेकरं एकमेकांना लाजत होती. मंदाताईने मला सांगितलं, "जवळ घ्याले गेले तं राहुल म्हने, बाबा, कपडे चुरगळतीन." सांगताना ती हसली, पण हसू काही टिकलं नाही.

पौर्णिमेच्या दिवशी सकाळी ते सगळे विहारात जाऊन आले. सगळ्यांच्या अंगावर पांढरे कपडे. मंदाताई तशीच ड्युटीवर गेली. माझं सामान टेम्पोत चढत होतं. मी कुलूप लावायला वळले तर अंगणात नामदेवभाऊ एकटेच मातीत बसलेले. एवढ्या उन्हात कुठूनशी ढेकळं आणून, फोडून, कालवून काहीतरी करत होते. काय ते मी विचारलं नाही. लेकरं वर ओट्यावर उभी, हात मागे बांधून, पाहुण्यांच्या घरी उभी राहतात तशी. आजी दाराशी बसलेली. ते मान वर करून लेकरांकडे बघत नव्हते. ये असंही म्हणत नव्हते. आपले मळत होते.

बऱ्याच वेळाने करुणा आत गेली आणि पाण्याने भरलेला मग्गा घेऊन आली. "बाबा, हात धुऊन घ्या," ती म्हणाली. अगदी आजीच्या आवाजात.

नामदेवभाऊंचा चेहरा मला दिसला. असा पडलेला चेहरा मी त्यांचा निघायच्या सकाळीही पाहिला नव्हता. पण त्यांनी दोन्ही हात पुढे केले. करुणा पाणी ओतू लागली. हात स्वच्छ झाले. "आखीन," ते म्हणाले. तिने ओतलं. "आखीन." मे महिन्यात, दिग्रसला, जिथे नळ कधी येईल याचा पत्ता नसतो, तिथे तो माणूस धुतलेल्या हातांवर पाणी मागत होता. मग्गा संपला. ती बादलीच घेऊन आली. पाणी मातीत मुरेना, पसरलं, तिच्या पायांपाशी आलं. तिने एक पाऊल मागे घेतलं. मग थांबली. पाय उचलून पाहिला, आणि बोटं फाकवून परत त्यातच ठेवला.

राहुलने ते पाहिलं मात्र, ओट्यावरून दोन्ही पायांनी उडी टाकली.

चिखल सगळीकडे उडाला. करुणाच्या पांढऱ्या फ्रॉकवर, बापाच्या तोंडावर, आणि दाराशी बसलेल्या आजीच्या विहारात नेसायच्या पांढऱ्या लुगड्यावर. टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवला. मला हलता येईना. आजीने लुगड्यावरचे डाग पाहिले, मग पोरांकडे पाहिलं, मग जावयाकडे. "जवाई," ती म्हणाली, आणि गुडघ्यावर हात टेकून उठली.

मी टेम्पोत बसले. गाडी वळली तेव्हा मी मान बाहेर काढून पाहिलं. नामदेवभाऊ तसेच बसले होते, ओले हात पुढे धरून, आणि करुणा त्यांच्या तळहातांवर चिखलाचा गोळा ठेवत होती. आजी लुगडं वर खोचून पायरीवर येऊन बसली होती. राहुल तिच्या पायांना घोट्यापर्यंत माती लिंपत होता, मन लावून, जीभ बाहेर काढून. आणि ती पाय मागे घेत नव्हती.